दाता आणि सभासद : जगन्नाथ शंकरशेट यांच्या शिक्षणकार्याचे चरित्रलेखन

व्यापाऱ्याचे चरित्र लिहिणे हे मराठीत वाटते तितके सोपे काम नाही. संत, कवी, वीर आणि सुधारक यांच्या चरित्रांचे साचे मराठी गद्याला फार पूर्वीच सापडलेले आहेत. व्यापाऱ्याच्या चरित्राचा साचा मात्र त्याने अद्याप स्वतः घडविलेला नाही. त्यामुळे शिक्षणासाठी द्रव्य वेचणाऱ्या एखाद्या धनिकाविषयी लिहिण्याचा प्रसंग आला की लेखक पुराणाकडे वळतो आणि कर्ण, बळी किंवा दधीची यांच्यापैकी कोणातरी एकाची वस्त्रे चरित्रनायकाच्या अंगावर चढवितो. नायक ‘दानशूर’ होतो, त्याची संपत्ती ‘सत्कारणी’ लागते, त्याच्या हस्ते एखादी ‘ज्ञानगंगा’ वाहू लागते. या शब्दांत खोटे असे काही नसते. परंतु हे शब्द इतके तयार मिळतात की त्यांच्यामुळे नायकाने प्रत्यक्षात काय केले याचा शोध घेण्याची गरजच लेखकाला उरत नाही.

जगन्नाथ शंकरशेट यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात हा दोष ठळकपणे दिसतो. पु. बा. कुळकर्णी यांच्यासारख्या परिश्रमी चरित्रकाराचा विस्तृत ग्रंथ मराठीत आहे. गंगाधर गाडगीळ यांनी ‘प्रारंभ’ या कादंबरीत तो काळ ललित अंगाने उभा केला आहे. या दोन प्रयत्नांची जात निराळी. येथे विचार करावयाचा आहे तो स्मृतिदिनांच्या लेखांतून, पाठ्यपुस्तकांतील धड्यांतून आणि गौरवपर भाषणांतून तयार झालेल्या नानांच्या त्या रूढ चित्राचा, जे विद्यार्थ्याच्या मनात कोणताही ग्रंथ वाचण्यापूर्वीच पक्के झालेले असते. या चित्रात नाना हे दाते आहेत. त्यांनी जागा दिली, पैसा दिला, आश्रय दिला. ‘देणे’ या एका क्रियापदाभोवती सगळे चरित्र फिरते.

या क्रियापदाची थोडी छाननी करणे अवश्य आहे. धर्मशास्त्रात दानाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोन अंगे आहेत : वस्तूवरील आपले स्वत्व नाहीसे करणे आणि तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. म्हणजे दान पुरे झाले की दात्याचा त्या वस्तूशी संबंध संपतो. किंबहुना तो संपला नाही तर ते दानच नव्हे. दात्याला पुण्य मिळते, कीर्ती मिळते, पण दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत मात्र याहून वेगळा असा एक शब्द अधिक जिवंत होता : ‘वर्गणी’. वर्गणीत देणारा एकटा नसतो. तो इतरांबरोबर देतो, आणि दिल्यामुळेच पुढील कारभारात बोलण्याचा हक्क त्याला प्राप्त होतो. दानाने संबंध संपतो तर वर्गणीने तो सुरू होतो. नानांचे शिक्षणविषयक आयुष्य या दुसऱ्या शब्दाच्या कक्षेतील आहे आणि त्यांचे चरित्र लिहिले गेले आहे ते पहिल्या शब्दाच्या कक्षेत, हा या लेखाचा मुख्य आक्षेप होय.

नावापासूनच आरंभ करता येईल. ‘शंकरशेट’ हे आडनाव नव्हे. ते वडिलांचे नाव आहे. घराणे मुरबाडकडचे, दैवज्ञ ज्ञातीचे, आडनाव मुरकुटे. इंग्रजी दप्तरात वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि तेच इतिहासात रूढ झाले. ‘शेट’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठिन्’ पासून प्राकृत ‘सेट्ठि’ या रूपाच्या द्वारे आलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु मराठी मुलखात त्याला आणखी एक अर्थ होता याची आठवण क्वचितच ठेवली जाते. पेठेच्या व्यवस्थेत ‘शेटे’ आणि ‘महाजन’ ही वतने असत. पेठ वसविणे, तिचा बंदोबस्त राखणे ही शेट्याची कामे. म्हणजे शेटेपण ही केवळ श्रीमंती नव्हती, तो बाजारातील एक हुद्दा होता. नानांच्या घराण्यात ‘शेट’ हे सन्मानदर्शक उपपद म्हणूनच आले असावे, आणि शब्दाच्या इतिहासावरून माणसाचे चरित्र सिद्ध होत नाही. तथापि मुंबईच्या शिक्षणव्यवस्थेत त्यांनी जे चाळीस वर्षे केले त्याला पेठ वसविणाऱ्याच्या कामाशी जितके साम्य आहे तितके कर्णाच्या कवचकुंडलांशी नाही.

त्यांच्या जीवनाचा बाह्य आराखडा थोडक्यात सांगण्याजोगा आहे. जन्म १८०३ मधला. वडील १८२२ मध्ये वारले आणि विशीच्या आत पेढी व इस्टेट यांचा भार अंगावर आला. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ठेवा पेढ्यांपेक्षा त्यांच्या हवाली करणे पसंत करीत, अशी त्यांच्या सचोटीची ख्याती होती. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली त्या उद्योगाच्या प्रवर्तकांत ते होते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. ३१ जुलै १८६५ रोजी ते वारले. ग्रँट रोडवरील नाट्यगृह, राणीचा बाग आणि वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीशीही त्यांचे नाव निगडित आहे. चरित्रांतून ही यादी फार लांबविली जाते. ती येथे सोडून देणे बरे. कारण यादी वाढू लागली की प्रत्येक बाबीचे वजन सारखेच भासू लागते आणि कोणती गोष्ट केवळ नाव देऊन झाली व कोणती आयुष्य वेचून झाली हा भेद पुसला जातो.

आयुष्य वेचून झाली ती गोष्ट शिक्षणाची. १८२२ मध्ये मुंबईत जी संस्था निघाली तिला मराठीत ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’ असे म्हणत. (‘हिंद’ या फारसी शब्दाला संस्कृत व्याकरणाची वृद्धी लावून ‘हैंद’ हे विशेषण साधणारा शास्त्री कोण होता हे कळत नाही, पण त्या काळच्या मराठीची सारी अडचण आणि सारी हिंमत या एका शब्दात दिसते.) पुढे १८२७ मध्ये हीच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे एंजिनिअर. त्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणविली आणि १८२३ पासून एंजिनिअरीचे शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून देणारी शाळा चालविली. एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे; त्यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ ही पुस्तके १८२८ मधली. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आणि दादोबा पांडुरंग यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षांच्या आत एका भाषेला गणित, नीतिकथा, कोश आणि व्याकरण मिळाले. नाना या मंडळीत वाढले. मराठीत शास्त्र लिहिता येते की नाही हा त्यांच्या दृष्टीने वादाचा प्रश्न नव्हता. ते लिहिले जाताना त्यांनी पाहिले होते.

एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबई सोडून निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लक्षांहून अधिक रुपये जमविले आणि त्यातून इंग्रजी भाषा व युरोपीय विद्या शिकविणाऱ्या अध्यापकांची तरतूद करण्याचे ठरले. पहिले दोन अध्यापक ऑर्लेबार आणि हार्कनेस १८३५ मध्ये आले. या निधीचा उल्लेख चरित्रांतून ‘औदार्य’ या सदराखाली होतो. वास्तविक त्या वेळच्या ठरावात, पुढे एतद्देशीय लोक स्वतः या जागांना पात्र होतील अशी स्पष्ट अपेक्षा नमूद होती. म्हणजे वर्गणी देणाऱ्यांनी पैशाबरोबर एक मुदतीची अटही घातली होती. अशी अट दाता घालीत नाही, सभासद घालतो.

१८४० मध्ये सोसायटीच्या शाळा बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेल्या. सोसायटीच्या वतीने बोर्डावर तीन एतद्देशीय सभासद आले : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. १८४३ पासून अध्यक्षस्थानी सर अर्स्किन पेरी होते; पुढे तेच सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. १८४७ मध्ये या बोर्डात शिक्षणाच्या माध्यमाविषयी जो वाद झाला त्यापाशी नानांच्या चरित्राने थांबावयास हवे. बहुतेक लेखक येथे एक परिच्छेद खर्च करतात आणि पुढे रेल्वेकडे वळतात.

पेरी यांचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते. सरकारकडून मिळणारा पैसा थोडा. तो सर्वत्र विखुरला तर कोठेच फळ दिसणार नाही. सबब वरच्या वर्गातील थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, ज्ञान त्यांच्याकडून खाली झिरपेल. देशी भाषांत ग्रंथ नाहीत आणि ते तयार करण्याचा खर्च व श्रम निष्फळ आहेत, हा त्याला जोडलेला दुसरा मुद्दा. जर्व्हिस यांनी या दोन्ही मुद्द्यांना विरोध केला. परकी भाषा थोड्यांपुरतीच राहते आणि लोकांचे शिक्षण लोकांच्या भाषेतूनच होते, ही त्यांची बाजू. तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूस राहिले, आणि नानांनी आपले मत १ मे १८४७ च्या टिपणात नोंदविले.

(पेरी यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्थानातील प्रमुख भाषांच्या भौगोलिक विभागणीवर त्यांनी लिहिलेला निबंध १८५३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. या देशातील भाषांच्या सीमा रेखण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. ज्या भाषा ज्ञानाला अपुऱ्या म्हणून त्यांनी बाजूस सारल्या त्यांच्याच सीमा त्यांनी इतक्या आस्थेने आखाव्या, यात विसंगती आहे असे त्यांना वाटले नसावे. भाषा ही अभ्यासाचा विषय असणे आणि अभ्यासाचे साधन असणे या दोन गोष्टींत गल्लत करणारे विद्वान त्यानंतरही पुष्कळ झाले.)

नानांचे टिपण लहान आहे. त्यातील युक्तिवादाचा क्रम मात्र लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. प्रथम ते सांगतात की पश्चिम हिंदुस्थानातील लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोहोचविण्याचे साधन म्हणून देशी भाषा इंग्रजीहून सरस आहेत, आणि बोर्डापुढील प्रश्न हाच आहे. मग एक अट येते : आपला हेतू जर ज्ञानाचा प्रसार करणे आणि येथील जनतेला जनता म्हणून सुधारणे हा असेल, तर ते काम त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच झाले पाहिजे. लगेच उदाहरण येते ते स्त्रियांचे : अन्य कोणत्या उपायाने आपल्या स्त्रियांची उन्नती होण्याची आशा धरता येईल? त्यानंतर इंग्रजीच्या अभ्यासाला उत्तेजन देऊ नये असे आपले मुळीच म्हणणे नाही, परंतु ती बहुजनांच्या आटोक्यात नाही, असा खुलासा. आणि शेवटी जुन्या सोसायटीचा दाखला : तिने इंग्रजीचाच असा पक्षपात केला असता तर आज हाताशी असलेली देशी भाषांतील उपयुक्त पुस्तके निर्माणच झाली नसती.

गौरवपर लेखनात या टिपणातील बहुधा पहिला भागच येतो, आणि त्यावरून नाना ‘मातृभाषेचे आद्य अभिमानी’ ठरतात. हे वाचन तीन ठिकाणी चुकते.

पहिली चूक शब्दाची. त्या वादात वापरलेला इंग्रजी शब्द ‘व्हर्नाक्युलर’ असा होता. त्या काळच्या मराठीत त्याला ‘देशभाषा’ किंवा ‘प्राकृत’ म्हणत. ‘मातृभाषा’ हा शब्द त्याच्या जागी घातला की आई, दूध आणि माती यांच्याशी निगडित असा भावनेचा सबंध परिवार वाक्यात शिरतो. नानांच्या टिपणात हा परिवार नाही. त्यात भाषेवरील प्रेमाचे एक वाक्य नाही. भाषा तेथे वाट आहे, दैवत नाही. आणि कोणती वाट किती जणांना कोठवर नेईल एवढाच हिशेब आहे. मराठीचा अभिमान त्यांना नव्हता असे यावरून ठरत नाही. त्यांनी आपला युक्तिवाद अभिमानावर उभारला नाही, एवढेच ठरते. आणि म्हणूनच तो अधिक भक्कम आहे. अभिमान नसलेल्याला अभिमानाचा युक्तिवाद पटत नाही; हिशेब मात्र कोणालाही तपासून पाहता येतो.

दुसरी चूक वचनाची. टिपणात ‘भाषा’ अनेकवचनी आहेत. ज्या तिघांनी मिळून पेरींना विरोध केला त्यांत एक मराठी भाषिक दैवज्ञ, दुसरा गुजराती बोलणारा पारशी आणि तिसरा कोकणी मुसलमान. तिघेही मुंबईच्या मिश्र बाजारपेठेतील आणि इंग्रजांशी नित्य संबंध असलेले. एका भाषेच्या अभिमानाने हे तिघे एकत्र येणे शक्यच नव्हते. ते एकत्र आले ते, लोकांना त्यांच्या-त्यांच्या भाषेतून शिकवावे या सूत्रावर. मराठी चरित्रकाराने फ्रामजी आणि मकबा यांची नावे तळटीपेत ढकलली की नाना एकाकी वीर म्हणून उठून दिसतात. पण त्यांनी जे सूत्र मांडले तेच नाहीसे होते.

तिसरी चूक अटीची, आणि ती सर्वांत मोठी. ‘आपला हेतू जर हा असेल तर’ हे वाक्य गाळले की उरते ते केवळ मत. ते ठेवले की टिपणाचे स्वरूप बदलते. नाना पेरींना भाषांच्या गुणांविषयी उत्तर देत नाहीत. शिक्षण कोणासाठी, हे आधी सांगा, असे विचारतात. थोड्यांसाठी असेल तर इंग्रजीचे म्हणणे समजण्यासारखे आहे. जनतेसाठी असेल तर नाही. स्त्रियांचे उदाहरण येथे शोभेसाठी आलेले नाही. झिरपण्याच्या सिद्धांताची खरी परीक्षा तेथेच होती : मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकेल, पण त्याच्याकडून त्याच घरातील बहिणीपर्यंत ज्ञान कसे झिरपणार? एका घराच्या भिंतीच्या आत जे झिरपत नाही ते इलाखाभर झिरपेल असे मानणाऱ्याला याहून अचूक प्रश्न विचारणे कठीण होते. आणि प्रश्न विचारून नाना थांबले नाहीत. १८४८ मध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा निघाली. तिने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा गिरगावातील शाळेला नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. चरित्रांतून ही जागा ‘औदार्य’ या सदरात जाते. वास्तविक ती दोन वर्षांपूर्वीच्या टिपणातील वाक्याची पूर्ती आहे. टिपण व शाळा ही दोन वेगवेगळ्या प्रकरणांत वाटली गेल्यामुळे हा सांधा वाचकाला दिसत नाही.

मेकॉलेचे १८३५ चे टिपण प्रत्येक पदवीधराने वाचलेले असते, निदान त्यातील ग्रंथांच्या फळीविषयीचे एक वाक्य त्याला ठाऊक असते. नानांचे टिपण त्याच जातीचे लेखन आहे : सरकारी मंडळाच्या सभासदाने, इंग्रजीत, एका निर्णयासाठी लिहिलेले. वक्तृत्वात दोघांची तुलना होणार नाही. मेकॉले हा गद्याचा बादशहा होता आणि नाना नव्हते. परंतु युक्तिवाद म्हणून पाहिले तर मेकॉलेचे टिपण भाषांच्या योग्यतेपासून निघते आणि नानांचे शिकणाऱ्यापासून. भाषानियोजनाच्या विचारात आज ही दुसरी दिशाच अधिक ग्राह्य मानली जाते. मराठी विचाराच्या इतिहासात या टिपणाला स्थान मिळालेले नाही याचे एक कारण ते इंग्रजीत आहे हे असावे. विभागांच्या अभ्यासक्रमांत जांभेकरांचे ‘दर्पण’ येते, लोकहितवादी येतात. इंग्रजी दप्तरात पडलेले मराठी माणसाचे गद्य येत नाही.

या टिपणाची स्तुती करतानाच त्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ‘त्यांची स्वतःची भाषा’ हा शब्दप्रयोग नाना निःशंकपणे करतात. पण सोसायटीच्या पुस्तकांतील मराठी ही कोणाची स्वतःची भाषा होती? ती शास्त्र्यांनी संस्कृताच्या आधारे आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी इंग्रजीच्या नमुन्यावर घडविलेली भाषा होती. थोड्याच वर्षांनी, १८५० मध्ये, मेजर कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तक लिहून तिला इंग्रजी वाक्याची शिस्तही लावली. मुरबाडच्या कुणब्याला, गिरगावच्या कोळ्याला किंवा पाठारे प्रभूला ती घरची भाषा वाटली असेल असे म्हणता येत नाही. इंग्रजी आणि देशभाषा यांच्यातील अंतर नानांना दिसले; देशभाषेच्या पोटातील अंतर दिसले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते फारच थोड्यांना दिसत होते, हेही खरे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘जनता’ या शब्दात कोण येते हे टिपण सांगत नाही. स्त्रियांचे नाव त्यात आहे, अस्पृश्यांचे नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मुलाला शाळेबाहेर ठेवणारी वस्तू भाषा नव्हती. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जी शाळा काढली तिच्यामागचा प्रश्न आणि नानांचा प्रश्न एकाच शब्दांत मांडता येतो, ‘शिक्षण कोणापर्यंत?’, पण त्याचे उत्तर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी सापडले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी झिरपण्याच्या सिद्धांतावर जो हल्ला केला त्यात पैशाचा मुद्दा अग्रभागी आहे : सारा भरतो शेतकरी आणि शिकतो वरचा वर्ग. पेरी यांनी पैसा थोडा आहे म्हणून शिक्षण थोड्यांना द्यावे असे म्हटले होते. तो पैसा मुळात कोणाचा, हा प्रतिप्रश्न पस्तीस वर्षांपूर्वी बोर्डाच्या मेजावर बसलेल्या शेटाने विचारला नाही. चरित्रकार ही तुलना टाळतात, कारण तिच्यात नायक लहान होईल अशी त्यांना भीती वाटते. खरे पाहता ती केल्यानेच नायकाची उंची मोजता येते.

वादाचा शेवट काय झाला? १८४८ मध्ये सरकारने जो निर्णय दिला तो मधल्या वाटेचा होता. प्रत्यक्षात प्राथमिक शिक्षण देशी भाषांकडे आणि उच्च शिक्षण इंग्रजीकडे अशी वाटणी स्थिर झाली. १८५४ च्या खलित्याने देशी भाषांविषयी पुष्कळ चांगले बोलून ही वाटणी बदलली नाही. १८५५ मध्ये बोर्ड संपले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या अधिनियमातील पहिल्या फेलोंच्या यादीत जगन्नाथ शंकरशेट हे नाव आहे. पुढील दशकात त्याच विद्यापीठाच्या पदवीपरीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या आणि त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषा आल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घ खटपट केली, मराठीला एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे १८४७ चे टिपण हे हरलेल्या बाजूचे टिपण आहे. दानशूराच्या चरित्रात पराभवाला जागा नसते. दान दिले की ते सफळच होते. सभासदाच्या चरित्रात पराभव असतो, कारण सभासद मत देतो आणि मत पडू शकते. नानांच्या चरित्रातून हा पराभव वगळला गेला, त्याबरोबर त्यांचे सर्वांत स्वतंत्र असे कृत्यही वगळले गेले.

मुंबईच्या इतर धनिकांशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. कापसाच्या तेजीच्या दिवसांत सर कावसजी जहांगीर यांनी विद्यापीठाच्या सभागृहासाठी एक लक्ष रुपये दिले. ते सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष दिले; मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून प्रसिद्ध आहे. १८६५ च्या जुलैत तेजी कोसळली आणि प्रेमचंद बुडाले. त्याच महिन्याच्या अखेरीस नाना वारले. प्रेमचंदांचे दान शास्त्रोक्त अर्थाने पूर्ण दान होते. स्वत्व गेले, नाव राहिले. तेथे काय शिकवावे याविषयी त्यांनी काही म्हटल्याचे प्रसिद्ध नाही, आणि त्यात उणे असे काही नाही. ग्रंथालयाला छप्पर लागते. परंतु एकाच ‘विद्यादान’ या शब्दाने प्रेमचंद आणि नाना या दोघांचे वर्णन करणारे चरित्रलेखन दोघांवरही अन्याय करते : एकाच्या त्यागाची शुद्धता दिसत नाही आणि दुसऱ्याच्या विचाराची धार.

नानांचे स्मारक म्हणून टाउन हॉलमध्ये संगमरवरी पुतळा आहे. विद्यापीठात त्यांचे नाव टिकले ते मात्र एका शिष्यवृत्तीच्या रूपाने : मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना ‘शंकरशेट’ हे नाव प्रथम भेटले ते या रूपात. मॅट्रिकला संस्कृत घेणाऱ्या मुलाच्या घरी या शिष्यवृत्तीचा जो दबदबा होता त्याचे वर्णन अनेक आत्मचरित्रांतून येते. तिच्या नावाचा धनी देशभाषांसाठी भांडला होता, ही माहिती त्यांच्यात क्वचितच असते. १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले.